आईला या वर्षी वस्तू द्यायची नाही, सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचंय. काय करावं?

सांजवारा:
पुढच्या महिन्यात आईला ६५ वर्षं पूर्ण होतील. आम्ही तीन भावंडं, तिघं तीन ठिकाणी. दर वर्षी आमच्यातलं कोणीतरी एक वस्तू घेतं, बाकीचे दोघं आपापला वाटा देतात आणि आई ती वस्तू कपाटात 'नीट' ठेवून देते. मागे तिला कपाट आवरायला मदत करत होते, तेव्हा चार वर्षांच्या भेटी खोक्यासकट सापडल्या. एकाही खोक्याची चिकटपट्टी निघालेली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "छान आहेत गं, म्हणून तर जपून ठेवल्यात."

म्हणून या वेळी वस्तू नाही. दादाचं म्हणणं, सगळ्यांची मोठी सहल काढू. धाकटीचं म्हणणं, आईला काहीच सांगायचं नाही, थेट तिथे नेऊन उभं करायचं. मला दोन्ही पूर्ण पटत नाही, पण वेगळं काही सुचतही नाही. आई चालायला ठणठणीत आहे. नातवंडं चार, वयं ३ ते १४.

तुम्ही आईसाठी असं काही केलं असेल तर लिहा. फसलं असेल तर तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होईल.

कोपऱ्यातली_खुर्ची:
दादाशी सहमत. सहल काढा. माणसं एकत्र आली की बाकी सगळं आपोआप होतं.

निळीशाई:
चिकटपट्टीचं वाचून आमचंच घर आठवलं. :)

तुमच्या निर्णयाच्या बाजूने बराच अभ्यास झालेला आहे. लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांना २००३ मध्ये असं दिसलं की विकत घेतलेल्या वस्तूपेक्षा पैसे खर्चून घेतलेला अनुभव आठवताना लोकांना जास्त आनंद होतो. वस्तू नजरेच्या सवयीची होऊन जाते. अनुभवाची मात्र गोष्ट होते, आणि गोष्ट सांगता सांगता रंगत जाते.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो पीटर कॅप्रारिएलो आणि हॅरी रीस यांचा २०१३ चा अभ्यास. त्यांनी विचारलं की हा आनंद अनुभवाचा की सोबतीचा? पारडं सोबतीकडे झुकलं. एकट्याने घेतलेला अनुभव वस्तूपेक्षा काही सरस ठरला नाही. तेव्हा आईच्या हातात तिकीट देऊन "जाऊन ये" म्हणू नका. बरोबर जा.

उंबरठा:
खुर्ची, असहमत. आपोआप काही होत नसतं, कोणीतरी ते करत असतं.

आई साठ वर्षांची झाली तेव्हा आम्ही नेमकी अशीच सहल काढली. अकरा माणसं, तीन दिवस, भाड्याने घेतलेलं मोठं घर. कल्पना माझी, घर मी शोधलं, पैसे आम्ही भावंडांनी भरले. म्हणजे सगळं आम्हीच केलं, अशी माझी समजूत. पोचल्यावर पहिल्या तासाभरात आईने गाद्या मोजल्या. कोणाला वाऱ्याखाली झोप लागत नाही, कोणाचं औषध फ्रीजमध्ये ठेवायचंय, बाळ रात्री किती वाजता उठतं, हे सगळं तिच्याच डोक्यात होतं. पहाटे सगळ्यांत आधी तीच उठली. दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावर निघालो तेव्हा बाळापाशी ती थांबली. "तुम्ही जा रे, मी आहे." आणि आम्ही गेलो! तीन दिवसांच्या शेकडो फोटोंमध्ये आई चार फोटोंत आहे.

घरी परतल्यावर म्हणाली, "छान झालं. आता दोन दिवस पडते जरा." ते वाक्य आठवलं की मला अजून अपराधी वाटतं.

पुढे ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंचा २०१९ चा अभ्यास वाचला. ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून त्यांनी घरातल्या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग पाडले आहेत: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि नंतर सगळं नीट होतंय ना यावर लक्ष ठेवणं. यातलं पहिलं आणि शेवटचं काम विशेषकरून बायकांच्या वाट्याला येतं, असं त्यांना दिसलं. मी मधली दोन कामं केली होती. पहिलं आणि चौथं आईकडेच राहिलं.

सांजवारा, सहल जरूर काढा. पण ही दोन कामं तुमच्यातलं कोण करणार, हे आधी ठरवा.

रानवेल:
उंबरठा यांना +१.

येरून नावाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या १५३० प्रौढांचा अभ्यास केला होता (२०१०). त्यांतले ९७४ जण सुट्टीवर जाऊन आलेले. जाण्याआधी ही मंडळी न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदात होती. परत आल्यावर मात्र दोघांत फरक उरला नव्हता. अपवाद फक्त एकाच गटाचा, सुट्टी अगदी निवांत गेली असं सांगणाऱ्यांचा. त्यांचा आनंद परतल्यावरही थोडे दिवस टिकला.

यावरून धाकटीला दोन गोष्टी सांगा. एक, जाण्याआधीचे दिवस हा आनंदाचा मोठा भाग असतो. आईला शेवटच्या क्षणी कळलं तर तो तिला मिळणारच नाही. कपडे काढून ठेवणं, मैत्रिणींना सांगणं, हवा कशी असेल ते बघणं, हे सगळं तिचं आहे. दोन, तिथे पोचल्यावर तिला दमवू नका. दिवसाला एकच गोष्ट ठरवा, बाकी वेळ मोकळा.

जुनीछत्री:
आमच्या आईला आम्ही एकदा छान सुटकेस दिली, फिरावं म्हणून. तिने त्या सुटकेसमध्ये बाकीच्या भेटी ठेवल्या.

निळीशाई:
छत्री, :D :D

टेकडीवरून:
मला वस्तूंची बाजू घ्यावीशी वाटते. इथे सगळे अनुभवाच्या मागे लागलेत म्हणून.

आईला ऐकू कमी येऊ लागलं होतं. चारचौघांत ती हसायची, मान डोलवायची, पण संभाषणाच्या बाहेर असायची. आम्ही तिला कार्यक्रमांना न्यायचो, एकत्र जमायचो आणि 'आई हल्ली शांत झालीय' असं म्हणायचो. बहिणीच्या लक्षात आलं. तपासणी करून श्रवणयंत्र घेतलं. सुरुवातीचे काही आठवडे कठीण गेले. भांड्यांचा आवाजसुद्धा तिला कर्कश वाटायचा, यंत्र दोनदा पुन्हा जुळवून आणावं लागलं. त्यानंतर मात्र ती गप्पांत परत आली. माझ्या मुलाने एक विनोद केला आणि सगळ्यांच्या आधी आजी हसली. त्या क्षणी माझ्या बहिणीला रडू आलं.

ही वस्तूच होती ना? पण ती नसती तर कुठलीही सहल आईपर्यंत पोचली नसती. आरोन वाइडमन आणि एलिझाबेथ डन यांचा २०१६ चा अभ्यासही हेच सुचवतो: अनुभव जास्त उत्कट आनंद देतात, पण वस्तू लहान लहान आनंद पुन्हा पुन्हा देत राहतात. आईला कशाची अडचण आहे ते आधी बघा. चष्मा, दात, बूट, कान. मग सहल.

मुक्काम:
टेकडी, फार छान लिहिलंत.

निळीशाई, एक पुरवणी. 'बरोबर गेलं तरच' हे भेटीच्या बाबतीत पूर्ण खरं नाही. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिल्नर यांनी २०१७ मध्ये खास भेटींचाच अभ्यास केला. अनुभवाची भेट मिळालेल्यांचं देणाऱ्याशी नातं जास्त घट्ट झालं, आणि देणारा सोबत नसला तरीही झालं. कारण त्यांनी असं दिलंय की अनुभव घेताना भावना जास्त तीव्र होतात आणि त्या देणाऱ्याशी जोडल्या जातात. त्यामुळे जी मुलं फार लांब आहेत, येऊच शकत नाहीत, त्यांनी हिरमुसायचं कारण नाही. मी त्यांतलीच एक आहे. आईला मैत्रिणीबरोबर गाण्याच्या मैफलीला पाठवलं होतं. ती रात्री फोनवर तासभर बोलत होती. एरवी तिचा फोन चार मिनिटांत संपतो.

निळीशाई:
पुरवणी मान्य. माझं वाक्य जरा जास्तच ठाम होतं. तरी सांजवारा यांची तिन्ही भावंडं येऊ शकतात, तर त्यांनी यावंच.

सातवीओळ:
एका गोष्टीकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं नाही. या घरात आणखीही आया आहेत.

आम्ही सासूबाईंसाठी तीन दिवसांचा बेत केला. त्यांना काडी हलवू द्यायची नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. ठरवलं तेव्हा मी खोलीत नव्हते. त्या तीन दिवसांत त्यांनी खरोखर काही केलं नाही, कारण ते सगळं मी आणि जाऊबाईंनी केलं. नवरा आणि दीर आईच्या दोन बाजूंना बसून जुने फोटो बघत होते. आईंना ते दिसत होतं. शेवटी त्याच उठून आमच्यात येऊन बसल्या. म्हणाल्या, "मला तिथे बसवत नाही गं."

सांजवारा, वहिनीला आजच फोन करा. दादाच्या सहलीत तिच्या वाट्याला काय येणार ते तिला विचारा.

सांजवारा:
सातवीओळ, फोन केला. दहा सेकंद ती काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "पहिल्यांदा कोणीतरी विचारलं." आता कामाची यादी दादाच करतोय. त्याला उंबरठा यांचे चार भाग वाचून दाखवले.

कोपऱ्यातली_खुर्ची:
उंबरठा, 'आपोआप' हा शब्द मागे घेतो. रात्री आईला विचारलं की आपल्या जुन्या सहलींतलं तुला काय आठवतं. मला आठवतो समुद्र. तिला आठवतं की परतताना माझा एक बूट हरवला होता आणि तिने मला पूर्ण रस्ता कडेवर आणलं.

जुनीछत्री:
थोडं अवांतर. मातृदिन जिच्यामुळे सुरू झाला ती ॲना जार्विस. १९०८ साली तिच्या पुढाकाराने अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनमध्ये पहिला सोहळा झाला. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार अधिकृतपणे जाहीर केला. पुढे फुलं, छापील शुभेच्छापत्रं आणि मिठाई यांचा बाजार बघून तीच या प्रकाराविरुद्ध उभी राहिली आणि १९४८ मध्ये मरेपर्यंत तिचा विरोध कायम होता. दिवसाच्या इंग्रजी नावात तिने मुद्दाम एकवचन ठेवलं होतं. सगळ्या आयांचा दिवस नव्हे, प्रत्येक घराने आपल्या एका आईची आठवण करायचा दिवस.

अवांतर समाप्त. पण ते एकवचन मला फार आवडतं.

अर्धाडाव:
अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. आपण 'आयांना काय आवडतं' यावर बोलतोय आणि सांजवारा यांच्या एका आईला काय आवडतं हे कोणीच विचारलेलं नाही. फ्रान्सेस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांनी २०११ मध्ये हेच मांडलं. देणाऱ्याला वाटतं की न मागता आपण शोधून दिलेली भेट समोरच्याला तितकीच किंवा जास्त विचारपूर्वक वाटेल. घेणाऱ्याला मात्र जे मागितलं तेच मिळालेलं जास्त आवडतं.

विचारा की आईला!

रानवेल:
अर्धाडाव, विचारलं की आया म्हणतात, "मला काही नको, तुम्ही सुखात राहा." मग पुढे?

अर्धाडाव:
प्रश्न बदलायचा. "तुला काय हवं?" विचारलं की तिला खर्च दिसतो, आपली धावपळ दिसते आणि ती नको म्हणते. मी आईला विचारलं होतं, "आमच्यामुळे तुझं काय करायचं राहून गेलं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मातीचं भांडं. चाकावरचं." चाळीस वर्षं आमच्याबरोबर राहून आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही दोघं मिळून चार आठवड्यांच्या कार्यशाळेला गेलो. चाकावर माती मधोमध बसवणं हीच पहिली लढाई असते. कोपर मांडीला टेकवून हात स्थिर ठेवावा लागतो, नाहीतर माती डगमगते. माझी सारखी डगमगायची, आईची दुसऱ्याच दिवशी बसली. शिकवणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, "तुमचा हात शांत आहे." घरी येईपर्यंत ती ते वाक्य मनात घोळवत होती. तिथे तिला कोणी कोणाची आई म्हणून ओळखत नव्हतं. तिने केलेला वाडगा जरा तिरका आहे आणि तो कपाटात नाही, रोज वापरात आहे.

टेकडीवरून:
'आमच्यामुळे काय राहून गेलं?' हा प्रश्न विचारायलाही धीर लागतो. उद्या विचारणार.

पानगळ:
लिहू की नको असा विचार दोन दिवस करतेय.

माझ्या आईला अल्झायमर आहे. सकाळचं तिला दुपारी आठवत नाही. नातेवाईक प्रेमानेच म्हणतात, "कशाला एवढं करतेस, तिला लक्षात तर राहत नाही." मलाही एका टप्प्यावर तसंच वाटू लागलं होतं. मग एडमारी गुझमान-वेलेझ, जस्टिन फाइनस्टाइन आणि डॅनियल ट्रॅनल यांचा २०१४ चा अभ्यास वाचला. त्यांनी अल्झायमर असलेल्या १७ जणांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात चित्रफितीत काय होतं ते जवळपास पुसलं गेलं. पण तिने मनात उभी केलेली भावना आठवण गेल्यावरही टिकून राहिली.

मी आईला घेऊन बागेतल्या एकाच बाकावर बसते, दर आठवड्याला. ती पानांचे आवाज ऐकते, माझा हात धरते, कधीकधी मला बहिणीच्या नावाने हाक मारते. परत आल्यावर कुठे गेलो होतो ते तिला सांगता येत नाही. पण त्या संध्याकाळी ती चिडत नाही, शांत झोपते.

ज्यांच्या आईला अजून सगळं आठवतं त्यांनी लवकर जा, एवढंच सांगायचं होतं.

उंबरठा:
पानगळ, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तुमच्या आईंना आमच्या दोघींचा नमस्कार सांगा.

मुक्काम:
पानगळताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

निळीशाई:
पानगळ यांच्या शेवटच्या ओळीवरून सुचलं. आईला बोलतं करा आणि आवाज जपून ठेवा. माणसाला उतारवयात सगळ्यांत जास्त आठवतं ते साधारण १० ते ३० वर्षांच्या वयातलं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे आईच्या सर्वांत ठळक आठवणींपैकी बऱ्याच आपण जन्माला येण्याआधीच्या असतात! आपण मात्र तिला आपल्याच लहानपणाबद्दल विचारत राहतो. तिची पहिली नोकरी, पहिली मैत्रीण, ती कशाला घाबरायची, हे विचारा. अमेरिकेत २००३ पासून स्टोरीकॉर्प्स नावाचा उपक्रम चालतो. दोन जवळची माणसं एका शांत खोलीत साधारण ४० मिनिटं बोलतात आणि ते ध्वनिमुद्रित होतं. आपल्याला खोलीही लागत नाही. फोन मेजावर उपडा ठेवायचा, पंखा बंद करायचा, नातवाला प्रश्न विचारायला बसवायचं. नातवाला आया खरं सांगतात.

सातवीओळ:
ध्वनिमुद्रण करताना आधी सांगा मात्र. लपवून करू नका. आणि पुसून टाक म्हणाली तर पुसा.

रानवेल:
फोटोंचंही तसंच. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ च्या प्रयोगात संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. उलट क्रिस्टीन डील आणि सहकाऱ्यांना २०१६ मध्ये दिसलं की फोटो काढल्याने अनेकदा माणूस अनुभवात जास्त रमतो. माझा अनुभव असा की फोटो काढायचं काम एकालाच द्यावं आणि आईसुद्धा फोटोत येतेय ना हे त्याने बघावं. उंबरठांचे ते चार फोटो डोक्यातून जात नाहीत.

उंबरठा:
माझ्याही नाही. म्हणून दोन वर्षांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी फक्त आई, बाबा आणि मी. आईला स्वतंत्र खोली. औषधांची पिशवी माझ्याकडे. आणि सगळ्यांत कामाची गोष्ट म्हणजे परतायच्या दिवशी भाऊ आधीच घरी येऊन थांबला होता. घर झाडलेलं, जेवण तयार, मळके कपडे थेट त्याच्या ताब्यात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा थंड पाण्याचा एक प्रयोग आहे. १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद हात ठेवणं, की तेच करून पुढची ३० सेकंद पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेणं? पुन्हा कोणतं कराल म्हटल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा पर्याय निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. सहलीचा शेवट म्हणजे घराचं दार. ते उघडल्यावर समोर काम दिसलं की आधीचे तीन दिवस पुसले जातात.

त्या वेळी आई "पडते जरा" म्हणाली नाही. तिने रात्री उशिरापर्यंत भावाला सगळं सांगितलं.

जुनीछत्री:
सांजवारा, काय ठरलं? धागा वर आणतोय.

सांजवारा:
उशीर झाला, क्षमस्व. पण ठरलंय, आणि आमच्यापैकी कोणालाही सुचलं नसतं असं ठरलंय.

अर्धाडाव यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आई आधी हसली, विषय बदलला, उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच फोन केला. म्हणाली, "तुम्ही तिघं एकत्र आलात की मला फार आनंद होतो. पण तेव्हा माझं निम्मं लक्ष असतं कोणाला काय लागतंय, कोण कोणाला काय बोललं, याकडे. तू गप्प बसलीस की मला दिसतं, दादा चिडला की मला दिसतं. तुमच्यातल्या एकाशी सलग बोलून मला किती वर्षं झाली माहितेय? मला एकेकाबरोबर एक दिवस हवाय. बाकी कोणी नको. नवरे नको, बायको नको, मुलं नको."

म्हणजे आम्ही एकत्र येण्याच्या मागे लागलो होतो आणि तिला आम्ही वेगवेगळे हवे होतो.

दादाला संध्याकाळभर वाईट वाटलं. त्याने यादी जवळजवळ पूर्ण केली होती. मग रात्री त्याने मेसेज केला की सहलीऐवजी आम्हा दोघींच्या दोन्ही दिवशी तो बाबांची आणि आमच्या मुलांची सोय बघेल, त्याच्या स्वतःच्या दिवशी ते काम मी करायचं. वहिनी म्हणाली की तिला तिच्या आईबरोबर असाच एक दिवस हवा, आणि तोही आता वेळापत्रकात आहे. धाकटी सगळ्यांत खूश. तिला लहानपणापासून आई एकटी अशी मिळालेलीच नाही, हे तिने पहिल्यांदा बोलून दाखवलं.

चौदा वर्षांची भाची विचारतेय, आजीबरोबर मलाही एक दिवस मिळेल का? आजीने होकार दिलाय.

पहिला दिवस माझा, येत्या शनिवारी. कुठे जायचं ते आईने सांगितलेलं नाही. "चालायचे बूट घालून ये आणि घरी सांगून ये की संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही," एवढंच. काल रात्री तिला पुन्हा फोन केला तर मागे कपाट उघडल्याचा आवाज आला. मागच्या वर्षी आम्ही दिलेली पाण्याची बाटली ती खोक्यातून काढत होती.

पानगळ:
शनिवारी तिचा हात धरा. रविवारी इथे लिहा, वाट बघतेय.